क्रॉपी चावतो, पण गळाला टिकत नाही: जिगच्या गळाचा नंबर कसा ठरवायचा

टप् असा एकच ठोका काठीतून मनगटात येतो. आपण काठी उचलतो, दोन सेकंद वजन जाणवतं, पाण्यात चांदीसारखं काहीतरी वळतं आणि दोरी सैल पडते. दिवसातून एकदा-दोनदा असं झालं तर सोडून द्यावं. पण दहा चाव्यांतले सहा-सात असे जात असतील तर जिगमध्ये काहीतरी चुकतंय, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा चूक गळाच्या मापात सापडते. दर वसंतात कोणी ना कोणी मला हेच विचारतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

नवीन मंडळींसाठी थोडं आधी. क्रॉपी हा अमेरिकेतल्या तळ्यांचा आणि धरणांचा मासा, सनफिशच्या कुळातला. कोणी क्रॅपी म्हणतं, कोणी क्रॉपी. पांढरा आणि काळा असे दोन प्रकार. रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल, कारण विणीच्या दिवसांत पांढऱ्याचा नरही काळवंडतो. पाठीवरच्या पराचे टणक काटे मोजा: पांढऱ्याला साधारण ५-६, काळ्याला ७-८. चवीला गोडा, काट्यांचा त्रास कमी. रव्यात घोळवून तव्यावर टाकला की घरी पापलेटची आठवण काढणारेही गप्प बसतात. आणि जिग म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. त्याच्या दांडीवर मऊ प्लास्टिकचं मासोळीसारखं अंग ओवतात (आम्ही सगळे त्याला रबरच म्हणतो), नाहीतर केस किंवा पिसं बांधतात.

डॅलसच्या ईशान्येला लेक लॅव्हन आहे. काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये तिथल्या एका ओहळाच्या तोंडाशी मी आणि माझी मुलगी होडी बांधून बसलो होतो. पाणी साठ-बासष्ट अंश फॅरनहाइट, पाण्यात बुडालेली झुडपं, क्रॉपी काठाकडे सरकलेला. दोघांच्या काठ्या सारख्या, दोरी सहा पौंडांची (म्हणजे तेवढा ताण सोसणारी), खोली चार फूट. तिच्या दोरीला केसांची जिग, माझ्या दोरीला दोन इंची रबर. चावे मला तिच्यापेक्षा जास्त येत होते. तासाभराने तिच्या पिशवीत सात मासे आणि माझ्या दोन. "बाबा, तुझा परत सुटला," हे तिने इतक्या वेळा म्हटलं की शेवटी मी काठी खाली ठेवली आणि दोन्ही जिग तळहातावर शेजारी-शेजारी धरून बघितल्या.

दोन्हीचं वजन एकच होतं, १/१६ औंस. तिचा गळ ४ नंबरचा, माझा ६ नंबरचा. पण खरा फरक वेगळाच होता. तिच्या जिगवरचे केस बोटाने दाबले की दांडीला चिकटून बसत आणि गळाचं टोक उघडं पडे. माझ्या जिगवरचं रबर दाबलं तरी जागचं हलत नव्हतं. गळाचं टोक आणि रबराची पाठ यांच्यामध्ये माझं नख जेमतेम शिरत होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावर मुलीची शाळेची पट्टी घेऊन बसलो. गळाची दांडी आणि टोक यांच्यामधल्या अंतराला इकडे गॅप म्हणतात. माझ्या ६ नंबरच्या गळाची गॅप ६ मिलिमीटर भरली. रबर सर्वात जाड भागात ६ मिलिमीटर. दांडी रबराच्या मधोमध जाते, म्हणजे निम्मं रबर, ३ मिलिमीटर, गॅपच्या आत येतं. उरली मोकळी जागा ३ मिलिमीटर. रबर जरा वाकडं ओवलं गेलं तर दोनच. तेवढ्या फटीत माशाचा ओठ शिरायला हवा, टोक रुतायला हवं आणि उलटा काटाही पार जायला हवा. मग डब्यातून २ नंबरचा गळ काढून मोजला. गॅप ९ मिलिमीटर. तेच रबर ओवल्यावर मोकळी जागा ६ मिलिमीटर. गॅप दीडपट झाली, पण माशासाठी उरलेली जागा दुप्पट झाली.

हे गणित मला आधी कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. आपण जिग घेताना वजन बघतो, रंग बघतो. पाकिटावर वजन ठळक छापलेलं असतं, गळाचा नंबर कोपऱ्यात बारीक, कधी कधी नसतोच. म्हणून माझा नियम असा: वजन खोलीवरून आणि वाऱ्यावरून ठरवा, गळ रबराच्या जाडीवरून ठरवा. रबर ओवल्यावर टोकापुढे निदान त्याच्या जाडीइतकी मोकळी जागा उरली पाहिजे. म्हणजे गॅप रबराच्या जाडीच्या दीडपट तरी हवी. माशाच्या तोंडाचा विचार त्यानंतर.

तोंडाचा विचार नंतर का, याचं कारण आहे. ब्लूगिल (सनफिशच्याच कुळातला छोटा मासा) पकडून क्रॉपीकडे वळलेली माणसं हमखास बारीक गळ वापरतात. ब्लूगिलचं तोंड वाटाण्याएवढं, त्याला ८ किंवा १० नंबर ठीक आहे. क्रॉपीचं तोंड मिटलेलं असताना लहान वाटतं, पण उघडलं की पिशवीसारखं पुढे येतं. दहा इंची क्रॉपीच्या तोंडात तुमचा अंगठा आरामात जाईल. २ नंबरचाच काय, १/० चा गळही तो सहज आत ओढतो. तेव्हा "मोठा गळ बघून मासा बिचकेल" ही भीती बहुतेक पाण्यांत अनाठायी आहे. लॅव्हनसारख्या गढूळ पाण्यात तर नक्कीच.

आता त्याच तोंडाची दुसरी बाजू. एखादा क्रॉपी हातात आला की त्याचं तोंड उघडून उन्हाकडे धरा. ओठाच्या मागे एक पडदा दिसेल, घावनाच्या कडेसारखा पातळ. त्यातून उजेड आरपार येतो. इकडे या माशाला पेपरमाउथ म्हणतात ते यामुळेच. बारीक गळ या पडद्यातच रुततो, कारण त्याहून पुढे पोचायला त्याच्याकडे गॅप नसते. मग मासा वळला की तिथे फट पडते, फट लांबते आणि गळ आपोआप निघून येतो. मोठ्या गॅपचा गळ वरच्या ओठाच्या टणक भागाला किंवा टाळूला जाऊन बसतो आणि तिथे टिकतो.

नंबरांबद्दल एक गोष्ट, कारण दुकानात इथेच गोंधळ होतो. शिवणाच्या सुयांसारखंच आहे, आकडा मोठा तितका गळ लहान. ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरतो तसा गळ वाढतो. १ नंतर १/० येतो, इकडचे त्याला वन ऑट म्हणतात, आणि तिथून पुढे २/०, ३/० असा आकडा चढतो तसा गळही वाढतो. शिवाय सगळ्या कंपन्यांचं माप सारखं नसतं. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या पाकिटांतले ४ नंबरचे गळ आहेत, त्यांच्या गॅपमध्ये मिलिमीटरभराचा फरक आहे. म्हणून नंबर हा अंदाज समजा आणि पट्टी खिशात ठेवा.

मासा कधी सुटतो ते बघा

कुठल्या क्षणी मासा जातो त्यावरून दोष कुठे आहे ते बऱ्यापैकी कळतं.

ठोका आला, काठी उचलली आणि वजनच जाणवलं नाही. इथे पहिला संशय गॅपवर. दुसरा रबराच्या शेपटीवर. जिग वर काढून रबर बघा. शेपटी कुरतडलेली असेल आणि चावा एका ठोक्याचा नसून टुक-टुक-टुक असा असेल, तर तो क्रॉपी नाहीच, ब्लूगिल किंवा तसलं काही छोटं आहे. अशा वेळी गळ बारीक केलात तर ब्लूगिल मिळतील, क्रॉपी मिळणार नाही. जागा बदला. शेपटी शाबूत असेल आणि ठोका एकच, दणदणीत असेल, तर शेपटी गळाच्या वाकापासून किती मागे लोंबते ते पाहा. माझ्या हिशेबाने अर्ध्याहून जास्त रबर गळाच्या मागे असेल तर मासा मागचा भाग तोंडात घेतो आणि गळ बाहेरच राहतो. एकतर लांब दांडीचा गळ घ्या, नाहीतर रबराचं डोकं कात्रीने पाव इंच कापून मग ओवा. मी कापतो. स्वस्त आणि लगेच होणारा उपाय.

याच तक्रारीत एक गाठीचा भागही आहे, तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. जिग पाण्यात आडवी लोंबली पाहिजे, पोहणाऱ्या मासोळीसारखी. नेढ्यातली गाठ पुढे, नाकाकडे घसरली की जिगचं तोंड वर आणि शेपूट खाली जातं. क्रॉपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो बहुधा खालून येऊन घेतो, मग त्याच्या तोंडात आधी शेपूट येतं. प्रत्येक माशानंतर गाठ बोटाने मागे सरकवून नेढ्याच्या माथ्यावर आणायची. पुलाच्या खांबाशी मासेमारी करणाऱ्या एका वृद्ध टेक्सन गृहस्थांना हे करताना मी पाहिलं. मासा पिशवीत, गाठ मागे, जिग पाण्यात, इतकं सवयीचं की त्यांची नजर दोरीवरून हलतही नव्हती.

मासा लागला, वजन आलं आणि मधल्या पाण्यात सुटला. हा फाटलेल्या पडद्याचा प्रकार. गळ एक-दोन नंबर मोठा करा. तेवढ्याने थांबलं नाही तर तार बघा. जाड तारेचा गळ मऊ काठीने आणि चार-सहा पौंडी दोरीने उलट्या काट्यापर्यंत रुततच नाही, टोकावर नुसता टेकलेला राहतो. क्रॉपीसाठी बारीक तारेचा गळ हवा. गोल वाकाचा, लांब दांडीचा ॲबर्डीन घाटाचा गळ त्यासाठीच सगळीकडे चालतो. कोयत्यासारखा कोन असलेला सिकल घाटाचा गळही उत्तम, मासा त्या कोनात जाऊन बसतो आणि सरकत नाही. दोन्हींत मला सिकल जास्त आवडतो. टोकाची धार नखावर तपासा: टोक नखावर हलकेच ओढलं आणि अडलं तर ठीक, घसरलं तर तो गळ टाकून द्या. दगडावर, काँक्रीटच्या खांबावर दोन-चारदा आपटलेल्या जिगचं टोक नेहमी तपासा.

आणि इथेच हिसक्याचं बोललं पाहिजे. मी आचऱ्याच्या खाडीत शेंगटी आणि तांबोशी गरवत मोठा झालो. तिथे मासा ओढतोय असं वाटलं की सणसणीत हिसका द्यायचा, नाहीतर तांबोशी खडपात शिरलीच म्हणून समजा. त्या माशांची तोंडं टणक, त्यांना हिसका लागतोच. ती सवय घेऊन मी क्रॉपीच्या पाण्यावर आलो आणि कित्येक मासे ओठ फाडून सोडले. इथे फक्त मनगट वर घ्यायचं, दळताना जात्याचा खुंटा फिरवतो तितक्या सहज, आणि मग दोरी ताठ ठेवून एकसारखं गुंडाळत राहायचं. कोकणातून आलेल्या कोणालाही मी पहिलं हेच सांगतो. गळ कितीही बरोबर असला तरी हिसक्यापुढे तो पडदा टिकत नाही.

काही वेळा ठोका येतच नाही, दोरी उलट सैल पडते. क्रॉपी जिग घेऊन वर सरकलेला असतो. तेव्हा सैल दोरी गुंडाळत काठी उचला. हे चावे लोकांना कळतच नाहीत आणि मग "आज मासा खातच नाही" असं ठरवून घरी जातात.

होडीशी आल्यावर सुटला. याचा गळाशी संबंध थोडाच. मासा दोरीने उचलून होडीत झुलवू नका, जाळी वापरा. पाण्याबाहेर त्याचं सगळं वजन त्या पडद्यावर येतं.

गळ घशात गेला. तरंगीखाली जिवंत मिनो, म्हणजे आमिषाची छोटी मासोळी, लावून बसलं की हे होतं, आणि कारण बहुतेक वेळा उलटं असतं: गळ फार लहान. ६ किंवा ८ नंबर मासा सरळ गिळतो. ४ किंवा २ नंबर घ्या, तो ओठाशी अडतो. माप नसलेला मासा परत सोडायचा असतो, तेव्हा हे फार महत्त्वाचं. टेक्सासमध्ये बहुतेक पाण्यांत क्रॉपी किमान १० इंच हवा आणि माणशी दिवसाला २५, त्यामुळे साडेनऊ इंची मासे आपण दिवसभर सोडत असतो. घशात गळ घुसलेला मासा सोडला तरी जगण्याची आशा कमीच. तसा गळ उपटू नका, दोरी तोंडाजवळ कापून सोडा.

वजन आणि गळ यांची जोडी

अडचण अशी की हलक्या डोक्याला बाजारात बहुधा बारीक गळच येतो. उथळ पाण्यात जिग हळू बुडावी म्हणून आपण १/१६ वरून १/३२ औंसावर उतरतो आणि नकळत गळही ४ चा ६ होतो. रबर मात्र तेच दोन इंची राहतं. मग त्या दिवसापासून मासे सुटायला लागतात आणि आपण रंग बदलत बसतो. हलक्या डोक्यावर मोठा गळ ओतलेल्या जिग मिळतात, जरा शोधाव्या लागतात. शोधा.

माझ्या डब्यात सध्या असं आहे. १/३२ औंस, म्हणजे साधारण ०.९ ग्रॅम, ४ नंबरचा गळ: वसंतात पाच-सहा फुटांपर्यंतच्या पाण्यासाठी, बारीक अंगाच्या रबराबरोबर. १/१६ औंस, १.८ ग्रॅमच्या आसपास, २ नंबरचा गळ: वर्षातला बहुतेक वेळ हीच दोरीला असते. १/८ औंस, साडेतीन ग्रॅम, १ किंवा १/० चा गळ: उन्हाळ्यात पुलाच्या खांबांशी वीस फुटांवर, किंवा वारा इतका की हलकी जिग जागेवर राहत नाही तेव्हा. १/६४ औंसाच्या ८ नंबरवाल्या काही जिग आहेत, त्या फार कमी निघतात.

हलक्या डोक्यावर गळ फार मोठा केला तर मात्र तोल जातो, मागची बाजू जड होऊन जिग शेपटीवर उभी राहते. दोरीला बांधून होडीशेजारी फूटभर पाण्यात सोडा आणि बघा. आडवी राहिली तर चालेल. कलली तर एक नंबर खाली या किंवा डोकं थोडं जड घ्या.

बारीक गळ योग्य ठरतो अशाही वेळा आहेत. केसांची किंवा पिसांची जिग असेल तर ४ किंवा ६ पुरतो, कारण केस दबतात आणि गॅप भरत नाहीत. माझ्या मुलीच्या सात माशांचं उत्तर तेच होतं. जानेवारीत पाणी थंड असताना मासा जिग जेमतेम ओठात घेतो. तेव्हा मी दीड इंची, सुतळीसारखं बारीक रबर लावतो आणि गळ ६ चा. रबर बारीक झालं म्हणून गळ बारीक झाला, प्रमाण तेच राहिलं. उत्तरेत मिनेसोटाकडे बर्फाला भोक पाडून क्रॉपी काढतात, तिथे १० किंवा १२ नंबरच्या टंगस्टनच्या कणाएवढ्या जिग चालतात. ते पाणी वेगळं, तिथली सवय इथे आणू नका.

चावेच बंद झाले असतील तर गळाला हात लावू नका. आधी खोली बदला, मग वजन, म्हणजे बुडण्याचा वेग, आणि जिग माशाच्या थोडी वरच ठेवा. खाली गेलेल्या जिगकडे क्रॉपी सहसा वळून बघत नाही.

झुडपात अडकण्याचं काय

मोठा गळ जास्त अडकतो, ही तक्रार खरी आहे. लेक फोर्कसारख्या, उभी झाडं पाण्याखाली गेलेल्या तळ्यात तर एका सकाळी दहा जिग जातात. पण त्यासाठी गळ लहान करणं म्हणजे मासे घालवून जिग वाचवणं. तार बारीक ठेवा आणि दोरी आठ पौंडांची करा. अडकल्यावर काठी झटकू नका. दोरी हाताला न गुंडाळता, काठी सरळ त्या फांदीकडे रोखून, रीळ धरून सावकाश मागे सरका. बारीक तारेचा गळ दोरी तुटायच्या आधी उघडतो आणि जिग परत येते. मग पक्कडीने वाक पूर्ववत करा आणि पट्टीवर गॅप पुन्हा बघा, कारण घाईत वळवलेला गळ हमखास आधीपेक्षा मिटलेला राहतो. मी एक गळ दोनदाच वळवतो. तिसऱ्यांदा वळवलेली तार थकलेली असते, चांगला मासा आला की तिथेच सरळ होते.

आणि धक्क्यांखाली जिग घुसवायला काठी धनुष्यासारखी ताणून सोडता तेव्हा जिग शिशाच्या डोक्याला धरा, टोक तळहाताच्या बाहेरच्या दिशेला. २ नंबरचा धारदार गळ बोटात उलट्या काट्यापर्यंत गेला की तो दवाखान्यातच काढावा लागतो.